तहान आणि गाद्या

सत्काराची शाल तिथेच सोडून आत्ता घरी आलोय. डोकं अजून तापलेलं आहे.

घोटावड्याजवळ बौद्धिक दिव्यांग प्रौढांची एक निवासी संस्था आहे. आज दुपारी मी तिथे प्रमुख पाहुणा होतो. विषय होता 'सेवा'.

बोलायला उभा राहिलो, तोच पहिल्या रांगेतून चाळिशीची सुनंदा उठली. तिने माझ्या समोरची पाण्याची बाटली उचलली आणि एका दमात संपवली.

"अगं बये, पाव्हण्यांचं पाणी हाय ते," सांभाळणाऱ्या मावशी धावल्या. मग मला म्हणाल्या, "दुपारच्या जेवणानंतर पाणी देत न्हाई आमी. रात्री गाद्या भिजवत्यात. रोज धुवायच्या कुणी?"

संचालक हसले. "शिस्त आहे सर. तुम्ही सुरू करा."

मी सुरू केलं. गाद्या कोरड्या राहाव्यात म्हणून माणसं तहानलेली ठेवणं याला छळ म्हणतात, एवढंच बोललो. मग सगळ्यांना पाणी मिळेपर्यंत तिथून हललो नाही.

निघताना सुनंदाने विचारलं, "तुमी उद्या पन येनार?"

भूगाव-पिरंगुटहून तिथे वाढदिवसाचे केक नेणाऱ्यांनो, फोटोत त्यांचे सुकलेले ओठ तुम्हाला कधीच दिसले नाहीत? मी तक्रार केली आहे. तिची दखल घेतली जाईल तेव्हा जाईल, तहान रोज लागते.

उद्या मी जाणार आहे. परवा कोण जाईल?