मिलिंदने नापास केलेला तुकडा

मिलिंद गेल्याचं कळलं तेव्हा मी नामपल्ली स्टेशनवर सासूबाईंच्या गाडीची वाट पाहत उभी होते. त्याची बायको सुनंदा फोनवर एवढंच म्हणाली, "ताई, चहा घेताघेता बसल्या जागीच गेले हो..." आणि फोन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला. सासूबाईंना घरी सोडणं, ऑफिसात कळवणं, नल्लकुंट्याला त्याच्या घरी पोचणं, नांदेडहून निघालेल्या त्याच्या भावाशी बोलणं... कामं मी मनात ओळीने लावली. रडणं त्या ओळीत कुठेच बसलं नाही.

आमच्या प्रयोगशाळेत तो वीजपुरवठ्याचं बघायचा, मी सामानाचं आणि वेळापत्रकाचं. परदेशात कण एकमेकांवर आदळवून बघण्याचा एक मोठा प्रयोग आहे. टक्कर होते तिथे अगदी जवळ पिक्सेल डिटेक्टर बसवतात, म्हणजे एक प्रकारचा फार बारीक कॅमेराच. त्याच्या प्रत्येक तुकड्याला भरपूर करंट लागतो. प्रत्येकाला वेगळी जाड तार दिली तर त्या तांब्याच्या गर्दीतच कण भरकटतात आणि चित्र बिघडतं. म्हणून एकच करंट एका तुकड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा साखळीने पाठवायचा. तारा वाचतात, पण एका तुकड्याचा जोड सुटला की सगळी साखळी बंद. आणि एकदा आत बसवलं की वर्षानुवर्षं उघडता येत नाही. मिलिंदच्या डोक्यात सतत हेच. डबा उघडा ठेवून मीटरकडे बघत बसायचा. "माझ्या यादीत तुमचं जेवणही आहे," मी म्हणायची. "मग जेवला म्हणून खूण करून टाका ना, ताई. यादी पुरी झाल्याशी मतलब."

शेवटची साखळी पाठवायच्या दिवशी थंड पेटीत चाचणी चालू असताना एका तुकड्याचं व्होल्टेज क्षणभर उसळलं आणि जागेवर आलं. मिलिंदने पेटी पुन्हा गरम केली, पुन्हा थंड केली. काही झालं नाही. परत केलं, तेच. बाहेर माल न्यायला आलेली गाडी चाचणीच्या कागदावर त्याची सही होण्यासाठी थांबली होती. ही खेप चुकली तर पुढचं काम दुसऱ्या देशाकडे जाईल असं तिकडून बजावलं होतं, आणि ते गेलं असतं तर आमच्याकडची करारावरची पोरं घरी बसणार होती. आमचे प्रमुख राव सर तणतणतच आत आले.

"एकीच बार झपका ना? उसके वास्ते पूरा माल रोकते क्या, मिलिंद?"

"उधर झपका तो खोलने कौन जाता, सर?"

"हटो. मैं देखतूं." सरांनी व्होल्टेजची उसळी पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची वायर उचलली आणि तिची क्लिप मधल्या तुकड्याला लावायला हात पुढे केला. साखळीत प्रत्येक तुकड्याचं शून्य वेगवेगळ्या पातळीवर असतं आणि ती क्लिप मात्र थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती मध्येच लावली की खालच्या तुकड्यांचा करंट सरळ जमिनीत, आणि निसटली की एकदम परत त्या तुकड्यांवर; ते जळूनच जायचे. घाईत जाणकारही हे विसरतो. मिलिंदने सरांचं मनगट धरलं.

"हात काढा, सर."

मराठीतच म्हणाला. राव सरांना मराठी येत नाही, पण कळलं. सरांनी क्लिप खाली ठेवली. "अब तुमीच बोलो. सही करते कि नहीं?"

"नहीं करता, सर."

गाडी रिकामी गेली. तुकडा बदलला, साखळी उशिरा पोचली आणि आजवर नीट चालते आहे. पुढचं काम मात्र आमच्याकडे आलं नाही. पोरं गेली. त्यातल्या एकीने जाताना सगळ्यांचा निरोप घेतला, मिलिंदच्या टेबलाशी मात्र थांबली नाही.

काढलेला तुकडा त्याने स्वतःच्या टेबलावर एकट्यालाच करंट देऊन ठेवला. आज ना उद्या तो बंद पडेल अशी त्याला खात्री होती. बर्फाच्या पिशव्या लावल्या, उन्हाळ्यात एसी बंद ठेवला. तुकडा चालतच राहिला. सकाळी मी डोकावून विचारायची, "काय म्हणतोय?" तो हसून म्हणायचा, "मजेत आहे, ताई." आणि परत मीटरकडे वळायचा. एकदा मात्र मान वर न करता म्हणाला, "चुकलो का हो मी?" मी म्हटलं, "चहा सांगते."

गेल्या आठवड्यात त्याचं टेबल आवरलं. पुस्तकं सुनंदाकडे, हत्यारं स्टोअरला. तेवढा तुकडा उरला. राव सर स्वतः आले, पुरवठ्याच्या बटणापर्यंत त्यांचा हात गेला आणि तिथेच थांबला. "चलने दो," म्हणाले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

आता सकाळी ती खोली मीच उघडते. कुलूप काढताना रोज वाटतं, आज तो तुकडा बंद पडलेला असावा, मिलिंदचं एकदाचं खरं ठरावं. मग दार ढकलल्यावर अंधारात करंट चालू असल्याचा त्याचा हिरवा ठिपका दिसतो... आणि मला हायसं वाटतं.