जसंच्या तसं सांगणाऱ्या बाई

दरवर्षी परदेशातून तेच काही पाहुणे दहा दिवसांच्या सेवेसाठी आमच्या चर्चमध्ये येतात. सकाळी प्रार्थना, मग वारज्यातल्या वस्तीत घरोघरी भेटी. दुभाषा मी. यंदा माझा घसा बसला, म्हणून कोथरूडहून त्या बाई आल्या. आमच्याच मंडळीतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या.

बोलणारा थांबला की बाई पदराने चष्मा पुसायच्या, "झालं तुमचं?" विचारायच्या आणि मगच भाषांतर करायच्या. एक शब्द गाळायच्या नाहीत, पदरचा घालायच्या नाहीत.

"अहो, थोडं गोड करून सांगा," मी घोगऱ्या आवाजात सुचवलं.

"गोड हवं असेल तर मंडईत जाऊन चिकू घ्या."

एका घरातल्या आजी पाहुण्यांना म्हणाल्या, "प्रार्थना करता, बरं वाटतं. पण दारातलं गटार झाकायचं कुणाला तरी सांगा हो. नात दोनदा पडली."

बाईंनी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. पाहुणे चमकले. "आधी कधीच कशा बोलल्या नाहीत या?"

"आधी दुभाषे हे होते. यांना विचारा," बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

आजी दरवर्षी गटाराचंच सांगायच्या. मी दरवर्षी इंग्रजीत सांगायचो, 'आजी तुमचे आभार मानताहेत.' पाहुणे खूश, चर्चही खूश. हे आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो.

"त्या बोलल्या होत्या. मीच सांगितलं नाही," मी इंग्रजीत म्हणालो.

बाईंनी चष्मा पुसला. "झालं तुमचं?"

मी मान हलवली. मग त्यांनी आजींकडे वळून माझं वाक्य मराठीत सांगितलं, एकही शब्द न गाळता. इतकं चोख काम आमच्या चर्चमध्ये कुणीच केलं नव्हतं.