शुभेच्छुक : फक्त आई

आज आईचं बारावं. आणि मी कुणालाही माफ करायच्या मूडमध्ये नाही.

ज्यांना ‘जाऊ दे गं, मोठे आहेत ते’ अशी कमेंट टाकायची असेल त्यांनी इथंच थांबावं.

बाबा गेल्यापासून आई मच्छे गावातल्या एका फॅक्टरीत पॅकिंगला होती. रोज सकाळी आमच्या अनगोळवरनं बस, हातात डबा, पर्समध्ये खोकी कापायचा पिवळा कटर.

बाबांचे मोठे भाऊ, आमचे थोरले आप्पा, चौकातच राहतात. बारावीला चांगले मार्क पडले म्हणून आई आणि मी पेढे द्यायला गेलो. तोंडात पेढा धरून आप्पा म्हणाले, “आता शिकून काय करतीस? जा आईसंगं मच्छ्याला. दोघी मिळून खोकी बांधा.”

आईनं पेढ्यांचा पुडा मिटला. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “पेढा वाया गेला.”

पुढं मी इंजिनिअरिंग केलं. मास्टर्सला जर्मनीत ॲडमिशन मिळाली.

आप्पा चौकात सांगत सुटले, “आठ दिवसांत रडत येतीया बघा.”

हे आईच्या कानावर गेलं आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा फ्लेक्स करायला टाकला.

आमच्याकडं फ्लेक्सवर खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतली वीस-तीस तोंडं असतात. आईच्या फ्लेक्सवर फक्त माझा पासपोर्टचा फोटो, त्यात मी चोरासारखी दिसते. मागं विमान. आणि फ्लेक्सवाल्याकडं फॉरेनचं एकच चित्र होतं म्हणून आयफेल टॉवर.

“अगं आई, मी जर्मनीला चाललेय!”

“आसू दे. आप्पांना तरी कुठं ठावं हाय?”

आमचा सीमाभाग, म्हणून वर कन्नडात अभिनंदन, खाली मराठीत अभिनंदन. म्हणाली, “एका भाषेत न्हाय कळलं तर दुसऱ्या भाषेत कळू दे त्यांस्नी.”

आप्पा तावातावानं घरी आले. “सख्खा चुलता हाय मी. माझा फोटो कुठं हाय?”

“जागा न्हाय, आप्पा.”

खाली एकच ओळ होती.

शुभेच्छुक : फक्त आई.

त्यातलं ‘फक्त’ तिनं मुद्दाम मोठ्या अक्षरात करून घेतलं होतं. आणि फ्लेक्स बांधला आप्पांच्या खिडकीसमोरच्या खांबाला.

मी जर्मनीत पोचले तो रविवार होता.

तिथं रविवारी सगळं बंद असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. हॉस्टेलची किल्ली देणारा माणूस सोमवारी येणार. दुकानं बंद. थंडी इतकी की नाक जागेवर आहे का, हात लावून बघत होते.

पायरीवर बॅग टाकून तिच्यावर बसले. आईनं दिलेली कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर खाल्ली आणि ढसाढसा रडले. आमच्याकडची मिठाई म्हणून दिलेला कुंद्याचा डबा उघडायचीही हिंमत झाली नाही.

व्हिडिओ कॉल लावला. “आई, मला नाही जमणार. मी परत येते.”

वाटलं, आई विरघळेल.

“ये की,” आई म्हणाली. “तिकीट काढ, सांबऱ्याच्या विमानतळावर उतर. पन घरला यायच्या आधी चौकात जायचं. शिडी लावायची आन् तुझ्या हातानं फ्लेक्स उतरवायचा. मी हात लावणार न्हाय. आप्पा खिडकीत बसून बघत्यात. जमंल?”

शप्पथ सांगते, त्या वेळी मला आईचा भयंकर राग आला.

“न्हाय जमायचं,” मी म्हटलं.

“मग डोळं पूस. उद्या किल्लीवाला येतोय. आन् भाकरी सगळी आजच संपवू नगंस.”

आईला कॉल नीट कट करता यायचा नाही. तिनं फोन तसाच ठेवला. मला नुसता छताचा पंखा दिसत होता आणि आई रडत होती ते ऐकू येत होतं.

मी कॉल कट केला नाही. बराच वेळ.

मग एक मुलगी आली, तिनं दार उघडलं. ती रात्र हॉस्टेलच्या किचनमध्ये काढली.

आठ दिवसांत परत आले नाही. डिग्री घेऊनच आले. तोवर तो फ्लेक्स आमच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून घातलेला होता, माझं तोंड आप्पांच्या गच्चीकडं करून. तेही आईनंच केलेलं.

मग नोकरीही तिकडंच लागली.

आणि आता आई अचानक गेली. हार्ट.

मी फोनवर आप्पांच्या विनवण्या केल्या. “एक दिवस थांबा. मी निघालेय.”

“किती थांबायचं गं? लोकांस्नी कामं हायत.”

मी पोचले तेव्हा राख होती.

आणि चौकात, त्याच खांबाला, नवा फ्लेक्स. श्रद्धांजलीचा. आई कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी. मधोमध हात जोडून थोरले आप्पा. खाली शोकाकुल म्हणून वीस तोंडं, ज्यांनी आमच्या घरी चहा पिण्यापलीकडं काही केलं नाही.

आप्पांना यंदा वॉर्डातनं उभं राहायचंय. माझ्या आईच्या मरणावर प्रचार!

आज सकाळी शिडी आणली. आईच्या पर्समधला पिवळा कटर घेतला आणि चढले.

आप्पा खिडकीत आले. “ए, काय कराय लागलीस? लोकं बघाय लागल्यात!”

“बघू दे की,” मी म्हटलं.

आधी आप्पा कापून काढले. मग ती वीस तोंडं. आईला हात लावला नाही. आता मध्ये मोठं भगदाड आहे आणि त्यातनं थेट आप्पांची खिडकी दिसते.

खाली पट्टी उरली होती, तिच्यावर मार्करनं लिहिलं.

शोकाकुल : फक्त लेक.

आई, तू सांगितलेलंस तसंच केलं. शिडी लावून, माझ्या हातानं. आप्पा खिडकीतनं बघत होते.

जमलं गं.

येते मी.