सोडल्यावर दुखते का?

पुराव्याशिवाय मी काहीच स्वीकारत नाही. एमबीबीएस झाले आहे, सध्या सर्जरीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते आहे, आणि भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारी मुलगी अशीच माझी घरात ख्याती आहे. तरीही हे लिहिते आहे... कारण या घटनेची नोंद माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात आहे.

कोरोनाची दुसरी लाट होती. मी शेवटच्या वर्षाला होते आणि महागाव तालुक्यातल्या आमच्या गावी आले होते. आईच्या पोटात उजवीकडे, खाली, कळ सुरू झाली, ताप चढला. उमरखेडच्या रुग्णालयात भरती केले; सोनोग्राफीत अपेंडिक्सची सूज दिसली, आणि चाचणीत कोरोना. कोरोनाच्या रुग्णाला भूल देणे फुप्फुसांसाठी धोक्याचे. म्हणून सर्जननी ऑपरेशन टाळून सलाइनमधून अँटिबायोटिक्स सुरू केली. "दोन दिवस पाहू. अपेंडिक्स फुटलं असं वाटलं, तर मात्र लगेच यवतमाळला हलवून ऑपरेशन करावं लागेल."

वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नव्हता. आवारातल्या कडुनिंबाखाली मी वही घेऊन बसायची. वेळ, ताप, दुखणे, तपासणी कोणी केली — असे रकाने आखले होते. आई फोनवर सांगायची, मी भरायची.

"कंपाउंडर येऊन गेला वं. पोट दाबते अन् एकदम हात सोडते. म्हणते, सोडल्यावर दुखते का?"

"मग?"

"दुखते न! पन मानूस भला हाय. हात पहिले घासून गरम करते, मंग लावते. शिक काही त्याच्यापासून. तुहे हात तं बरफावानी!"

मी हसले. माझे बाबा आयुष्यभर महागावच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. तेही हात घासूनच पोटाला लावत. त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

"दिसायला कसा आहे गं?"

"त्या पांढऱ्या पोशाखात तोंड कोनाचं दिसते, बाई?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "दुखनं गेलं वं! एकदमच."

मी हादरले. अपेंडिक्स फुटले की कळ सुरुवातीला अशीच अचानक थांबू शकते. मी सर्जनना गाठले. त्यांनी यवतमाळसाठी ॲम्ब्युलन्स सांगितली. आई ऑपरेशन टेबलावरून परत येईल का, हे मात्र त्यांनाही सांगता येईना.

तेवढ्यात पुन्हा आई. "तो आताच आलता. साऱ्या पोटावर दाबलं, सोडलं. कुठीच दुखलं नाही. म्हणे, फुटलं नाही, सूज उतरली. पोरीले सांग, घाबरू नको. अन् म्हणे, इंग्रजीच्या पेपराच्या दिवशी तिचं पोट सोडल्यावर कुठी दुखलं होतं, इचार तिले. काय होय वं हे?"

माझा पेन थांबला.

सातवीत, इंग्रजीचा पेपर चुकवायला मी पोटदुखीचे सोंग केले होते. बाबांनी दवाखान्यात पोट दाबले, मी ओरडले. हात सोडला; सूज खरी असती तर तेव्हाच जास्त दुखले असते, पण मी ओरडायचे विसरले. हसून त्यांनी पेपरमिंटची गोळी हातावर ठेवली, सायकलवरून शाळेत सोडले आणि म्हणाले, "आईले नको सांगू." मी कधीच सांगितले नाही.

"हलवण्याआधी एकदा सोनोग्राफी करा," मी सर्जनना विनवले. "कंपाउंडरनं तपासलंय, पोट मऊ आहे."

"इथे कंपाउंडर नाही," ते म्हणाले. "आणि सकाळी मी तपासलं, त्यानंतर तिच्या पोटाला कोणी हात लावलेला नाही."

तरीही त्यांनी पुन्हा तपासले, सोनोग्राफी केली. सूज खरोखरच उतरली होती. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली. आठवड्याभरात आई घरी आली.

तापातला भ्रम म्हणावा, तर त्या दुपारी वहीत ताप नाही. बाबांकडून शिकून तिने स्वतःच पोट दाबून पाहिले असेल, हे शक्य आहे. पेपरची गोष्ट बाबांनीच तिला सांगितली असेल, हेही शक्य आहे. मी विचारले.

"म्हंजे बाप-लेकीनं माह्यापासून चोरून पेपरमेंट खाल्ले?" ती फणकारली. मग हळूच म्हणाली, "पहिल्याच दिवशी हात वळखला होता मी. पन म्हटलं, तू सायन्सवाली... हासशीन."

मी हसले नाही. त्या दुपारच्या नोंदीपुढचा 'तपासणी कोणी केली' हा रकाना मी अजून रिकामाच ठेवला आहे. मात्र रुग्णाच्या पोटाला हात लावण्यापूर्वी मी आता तो ॲप्रनवर घासून गरम करून घेते.