भागी मावशीचा हात

भागी मावशीने पहिल्याच भेटीत माझ्या थोबाडीत मारली. मी तेव्हा नुकताच लॉरीवर ड्रायव्हर म्हणून लागलो होतो. मुरबाडच्या जंगलातलं लाकूड भरायचं, शहापूरवरून कसाऱ्याला यायचं आणि घाट चढून नाशिकला उतरवायचं, हे माझं काम. कसाऱ्याच्या वरच्या वळणावर गाडी उकळली. मी उतरलो, हाताला फडकं गुंडाळलं आणि रेडिएटरच्या टोपणाला हात घातला. तोच कानाखाली असा जाळ निघाला की मला वाटलं, टोपणच उडालं.

मागे एक उंच, हाडापेराने मजबूत बाई उभी होती. कमरेवरची कळशी जराही हिंदकळली नव्हती.

"मेल्या, आंधला व्हायचंय का? बस तिथं गप. फुसफुसतंय तवर टोपनाला हात नाय लावायचा. गाडीच्या नाय आन बाप्याच्यापन नाय!"

तिचा नवरा रस्त्याच्या कामावर मजूर होता. कुणा साहेबाची मोटार याच वळणावर उकळली. साहेबाने फर्मावलं आणि त्याने टोपण उघडलं. वाफेने तोंड सोललं, जखमा चिघळल्या आणि माणूस गेला. त्यानंतर मावशी वळणावरच्या झऱ्यापाशी झोपडी बांधून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना पाणी द्यायची. कुणी मूठभर तांदूळ द्यायचा, कुणी विड्या. आणि टोपणाकडे जो हात जाईल त्याच्यावर फटका बसायचा, मग तो हात कुणाचाही असो. "वाफेला डोलं नसतात रे," ती म्हणायची, "पन ती डोलंच शोधती."

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत एका सोल्जराला तिने अशीच चपराक मारली. त्याने बंदुकीच्या दस्त्याने तिला आडवी केली आणि टोपण उघडलंच. कोपरापर्यंत कातडी गेली त्याची. मावशी उठली, तोंडातलं रक्त थुंकली आणि त्याच्या हातावर कळशी ओतत त्याच्या सात पिढ्या उद्धरत बसली.

लढाईमुळे गाड्यांचे सुटे भाग मिळत नव्हते. माझ्या लॉरीचा थर्मोस्टॅट क्षार साचून अडकायला लागला होता. इंजिनातून गरम पाणी रबरी नळीने रेडिएटरकडे निघतं, त्या तोंडाशी ही पितळी झडप बसवलेली असते. इंजिन गार असताना ती मिटलेली असते. पाणी आतल्या आतच फिरतं, इंजिन लवकर तापून नीट चालू लागतं. पाणी पुरेसं तापलं की झडपेतली डबी फुगते, झाकण उचलतं आणि पाणी रेडिएटरच्या जाळीत जातं. तिथे वाऱ्याने निवतं आणि खालच्या नळीने पुन्हा इंजिनात येतं. झडप मिटलेलीच अडकली तर मात्र इंजिनात पाणी उकळत राहतं आणि जाळी गारच लागते. मला ती काढून टाकायची होती. पण आमचे ठेकेदार दामूशेठ म्हणायचे, "गाडी माझी आहे. तू फक्त चाक फिरव."

त्या दिवशी शेठ स्वतः शेजारी बसले होते. नाशिकला माल वेळेवर पोचवायचा होता. वळणाच्या अलीकडे इंजिन ठोके द्यायला लागलं, जळका वास आला. मी गाडी झऱ्यापाशी उभी केली. "शेठ, इंजिन तापलंय."

शेठ उतरले. जाळीला हात लावला. जाळी गार. टोपण काढलं, आत पाणी संथ होतं. त्यांनी बोट बुडवून पाहिलं, तेही गार. मग ते माझ्याकडे वळले.

"कामचुकार! गाडी थंडगार आहे आणि तू मला शिकवतोस?"

त्यांनी सीटखालचं, गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल उपसलं. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा बरगडीवर. मी खाली पडलो तरी ते मारतच होते. मावशी धावत आली.

"शेठ, गार जालीवर इस्वास ठेवू नको! झडप अडकलीय, आत उकलतंय. मागं सर!"

शेठनी वळून तिच्या तोंडावर हँडल हाणलं. तिचा ओठ फाटला. मग ते पुन्हा गाडीवर वाकले, उघड्या तोंडावर चेहरा आणून नळीच्या इंजिनाकडच्या टोकाला बघितलं आणि म्हणाले, "कुठंय झडप? ही?" आणि हँडल उगारलं.

मी जमिनीवरून बघत होतो. मावशी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग शेठकडे. तिचा हात हलला नाही.

हँडल झडपेच्या घरावर आदळलं. अडकलेलं झाकण सुटलं. आत कोंडलेलं सगळं उकळतं पाणी एकदम जाळीत शिरलं आणि वरच्या तोंडातून शेठच्या चेहऱ्यावर उसळलं. ती किंकाळी खाली कसाऱ्याच्या स्टेशनापर्यंत गेली असेल. मावशीने त्यांना मागे ओढलं, डोकं मांडीवर घेतलं आणि झऱ्याचं पाणी ओतत राहिली. या खेपेला तिने एकही शिवी दिली नाही.

शेठ जगले, डोळे गेले. हवालदार चौकशीला आला तेव्हा मावशी आपणहून पुढे झाली.

"माझा हात पोचत व्हता, हवालदार."

"ढकललंस का त्यांना?"

"नाय."

"मग गुन्हा कसला?"

"मला ठावं व्हतं ना, काय व्हनार ते."

हवालदाराने डोकं हलवलं आणि तो निघून गेला. मावशीचा फटका त्यानंतर कुणी खाल्ला नाही. ती लांबूनच ओरडायची. पुढच्या पावसाळ्यात तापाने गेली.

त्याआधी एकदा शेठ त्या वळणावर आले होते. मुलाने धरून आणलं होतं. मी तेव्हा दुसऱ्या गाडीवर होतो, पाण्यासाठी थांबलो होतो.

"भागी," शेठ म्हणाले, "तू जवळच होतीस ना?"

"व्हते."

"मग मला ओढलं का नाहीस?"

"राग आला व्हता तुझा. लय राग."

शेठनी हात उगारला. आंधळ्या माणसाचा हात. एक पाऊल मागे सरली असती तरी हवेत गेला असता. मी पुढे झालो, तर तिने मला नजरेनेच अडवलं. ती सरली नाही. उलट अर्धं पाऊल पुढे आली. फटका बसला, जोरात बसला.

शेठ धापा टाकत उभे राहिले. मावशीने तांब्या भरून त्यांच्या हाताला लावला.

"झालं? आता पानी पी."