तुडुमावरची माती

आमच्या गावच्या तलावाचं पाणी माझ्या दोस्ताच्या हातात होतं. तलावाच्या मातीच्या बांधाला आम्ही पाळ म्हणतो. त्या पाळीखालच्या तुडुमात, म्हणजे पाणी सोडायच्या दगडी मोरीत, एक लांब लाकडी खुंटा बसवलेला असे. तो उचलला की पाटाला पाणी, दाबला की बंद. तीन पिढ्या हे काम त्याच्याच घरी होतं.

त्या वर्षी धान निसवायला आलं आणि माझ्या बांधीत, भाताच्या खाचरात, पाणी पोचेना. माझी जमीन पाटाच्या शेपटाला, त्याची तोंडाशी. मी जन्माचा संशयी. बायकोनं वाढलेलं दूधही वास घेऊन पिणारा. त्यात कानावर येऊ लागलं, की हा संध्याकाळी तुडूम बंद करून निघतो आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरतो. कोणी म्हणे पाणी चोरतो, कोणी म्हणे पाळीवर करणी करतो. एकदा मी त्याला मोहाच्या झाडाजवळ अडवलं.

"काऊन गा, कायले परत जाऊन राहिला?"

"काही नाई. खुंटा पाहून येतो."

"आत्ताच तं दाबला!"

तो हसला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. ज्याच्यासोबत लहानपणी ढोरं राखली तो नजर चुकवतो, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी धरूनच चाललो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो एकदाचा घरी गेला, तसा मी पाळीवर चढलो. खुंटा जिथं दगडाच्या भोकातून वर येतो, तिथं ओली चिकणमाती लिंपली आणि अंगठ्यानं दाबली. खुंटा हलला तर माती फुटणारच. सकाळी पाहिलं, फुटली होती. मी तडक गावच्या मालगुजाराकडे जाऊन सांगितलं. फार बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

"हप्त्याभरात पंच बसतील," मालगुजार म्हणाला. "चोरी निघाली तं तुडुमाचं काम त्याच्या घरून गेलं समज."

मुद्देमालासकट पकडायचा म्हणून त्याच संध्याकाळी मी मोहाआड बसलो. त्यानं खुंटा दाबला, लाकडाला कान लावून ऐकलं, झाडापर्यंत आला, थबकला आणि परत गेला. आता त्यानं खुंटा बोटभर उचलून पुन्हा दाबला, असं तीनदा. पुन्हा झाडापर्यंत. नवव्या खेपेला त्याचा तळहात रक्ताळला होता आणि तो रडत होता. नाटक तर करत नसेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं. इतका मी हलकट.

मी पुढं झालो तेव्हा तो दचकला नाही.

"बंद हाये, हे मले ठाऊक हाये गा. पर मन म्हणते, नसंल. पाळ फुटली, खालच्या टोलीतली घरं वाहून गेली, लेकरं पाण्यात, असं डोळ्यापुढं येते. हात लावला का घडीभर जाते. मंग पुन्हा येते."

तरी उजेड होता तोवर मी त्याची बांधी पाहून आलोच. तिला भेगा पडल्या होत्या. पाणी जास्त सुटेल या धास्तीनं तो पाट निम्माच चालवत होता आणि स्वतःच्या शेताचं तोंड त्यानं उघडलंच नव्हतं.

मी मालगुजाराकडे गेलो आणि सांगितलं, चोरी नाही, याचं मन याला छळतं, मी सोबत राहतो. त्यानं पंच थांबवले आणि शेवटचं पाणी सुटेपर्यंत पाट नीट चालवून दाखवायची मुदत दिली.

मग आम्ही रोज जोडीनं जाऊ लागलो. आधी मी त्याला सांगे, "बंद हाये, मी पाहिलं." त्यानं उलटंच झालं. तो वाटभर विचारी, जेवणावरून उठून माझ्या दारात येई. "खरंच बंद हाये न?" मी जितकं सांगावं तितकं त्याला कमी पडे. शेवटी मी वैतागलो. म्हटलं, "आता मी सांगणार नाई. एकडाव दाबायचा, नि माह्यासंगं चालाचं." मोहाजवळ त्याचे पाय अडत, घाम फुटे. मी खांद्यावर हात टाकून गप उभा राही. कधी तो मागं पळे, कधी पुढं येई. आणि त्याला घरी सोडून मीच गुपचूप खुंटा पाहून येत असे. स्वभाव जातो कुठं?

हळूहळू पाट भरून वाहू लागला, माझी बांधी भिजली, त्याचीही. शेवटचं पाणी देऊन झालं त्या संध्याकाळी तो मोहाजवळ थांबला, पण मागं वळला नाही. काम त्याच्याच घरी राहिलं. आता सगळं कबूल करावं म्हणून मी घसा खाकरला.

"तुडुमावरच्या त्या मातीचं तुले सांगाचं होतं..."

"ठाऊक हाये गा. त्या राती पुन्हा आलो, तं चांदण्यात दिसलं, तुह्या अंगठ्यावरचा विळ्याचा वण उमटला होता तिच्यात."

तो चालत चालतच बोलत होता.

"लय वेळ हात मागं बांधून बसलो होतो तिच्यापुढं. वाटे, माती सकाळपर्यंत शाबूत राहिली, तं समजायचं का खुंटा बंदच हाये. पर रायवलं नाई. तू माह्यासाठी इतकं केलं, नि मीच ते मोडलं."

ती माती कशासाठी लावली होती, हे तो मरेपर्यंत मी त्याला सांगितलं नाही.