सुनेच्या माहेरचं बी
काचेच्या बरणीला फडकं बांधलं की मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवतं. बोर्ली पंचतनजवळच्या आमच्या गावात बियाण्याचं भात पेंढ्याच्या मुड्यात बांधून माळ्यावर ठेवत. माझ्या वडिलांनी घट्ट बांधून दिलेला मुडा सासूबाईंच्या मुड्याशेजारीच होता. वैशाखात माळ्यावर तुसाच्या रंगाच्या बारीक पाकोळ्या उडू लागल्या आणि सासूबाई म्हणाल्या, "ही कीड तुज्या माहेरच्या भातातनं आली. पेरू नको ते, कोंबड्यांना घाल." राग आला, पण मी वाद घातला नाही. दोन्ही मुड्यांतलं मूठमूठ भात दोन बरण्यांत भरलं, त्यांच्या बरणीला पांढरं आणि माझ्या बरणीला हिरवं फडकं बांधलं, आणि चुलीजवळच्या फळीवर त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलं. बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी सासूबाई भाकरी थापता थापता थांबल्या. पांढऱ्या फडक्याच्या बरणीत एका चांगल्या दिसणाऱ्या दाण्याचं मोहरीएवढं गोल झाकण उघडलं आणि चुरगळलेल्या पंखांची पाकोळी बाहेर आली. अळी त्या दाण्यातच वाढली होती, आतला तांदूळ खाऊन तिथेच कोश करून बसली होती. संध्याकाळपर्यंत त्या बरणीत आणखी पाकोळ्या फडफडत होत्या, माझ्या बरणीत एकही नव्हती. त्या साली रोपांसाठी भाजलेल्या राबात सासूबाईंनी माझ्या माहेरचंच भात पेरलं. आता कोणी बी मागायला आलं की मुडा सोडता सोडता त्याच सांगतात, "आमच्या सुनेच्या माहेरचं हाय. कीड न्हाय त्यात, मी सोता बरणीत बघितलंय."